‘नको’ आणि ‘मनाई’ : धाराशिवच्या पाट्या वाचताना

नवी भाषा शिकणारा माणूस पुस्तकातल्या पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो, असे आपण धरून चालतो. खरे तर त्याचा पहिला धडा भिंतीवर लिहिलेला असतो. इथे थुंकू नये, आत येऊ नये, गाडी लावू नये, हात लावू नये. वर्तमानपत्र न वाचता वर्ष काढता येते, कथा-कविता न वाचता आयुष्य काढता येते; पण मनाईची पाटी न समजता बाजारात, दवाखान्यात किंवा पाण्याच्या काठावर एक दिवस काढणेही अवघड असते. बाकीचा मजकूर चुकीचा वाचला तर फार तर हसे होते. ही एक ओळ चुकली तर दंड भरावा लागतो, आणि क्वचित जिवावरही बेतते.

माझी भाभी बीदर जिल्ह्यातल्या हुमनाबादची. लग्न होऊन ती उमरग्याला आली. घरात दखनी, शाळा उर्दू माध्यमाची, बाजारहाटापुरते कन्नड, आणि शाळेत तिसरी भाषा म्हणून हिंदी. त्यामुळे देवनागरी अक्षरे तिला ओळखीची, पण मराठी शब्द अनोळखी. अशा अनेक सुना आपल्या सीमेवरच्या घरांमध्ये आहेत. गेल्या पावसाळ्यात ती, तिची दोन मुले आणि मी असा जिल्ह्याचा दोन दिवसांचा प्रवास केला: उमरगा, नळदुर्ग, धाराशिव आणि तेर. वाटेत जी पाटी दिसेल ती तिने मोठ्याने वाचायची आणि अर्थ सांगायचा, असे ठरले. त्या पाट्यांनी आम्हांला जिल्हाही दाखवला आणि भाषाही.

उमरगा ते नळदुर्ग : ‘नको’ आपलाच

धाराशिव जिल्हा भाषा शिकायला उत्तम जागा आहे. दक्षिणेला कर्नाटकाची हद्द, पुणे-सोलापूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग नळदुर्ग आणि उमरग्यावरून पुढे हुमनाबादकडे जातो, आणि त्या रस्त्यावर मराठी, कन्नड, दखनी, तेलुगू अशा चार भाषा रोज ये-जा करतात. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कामकाज उर्दूत चाले. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 पासून महाराष्ट्रात आहे. जिल्ह्याचे नावही आता सरकारदरबारी धाराशिव झाले आहे. जुन्या पाट्यांवर आणि जुन्या माणसांच्या तोंडी उस्मानाबाद अजून आहे. आजोबांच्या पिढीने भिंतीवर ‘मना है’ आणि ‘मुमानियत’ वाचले, नातवंडांची पिढी ‘मनाई आहे’ वाचते.

एसटीत बसलो. महिलांना 2023 पासून अर्धे तिकीट असल्याने आम्हां दोघींचा प्रवास स्वस्तात. गाडीतच पहिला वर्ग भरला. एसटीच्या पाट्या म्हणजे मराठी नकाराचे पाठ्यपुस्तकच: धूम्रपान करू नये. खिडकीबाहेर हात अथवा डोके काढू नये. वाहकाशी हुज्जत घालू नये. विनातिकीट प्रवास करणे गुन्हा आहे.

“हुज्जत तो अपना लफ्ज है,” भाभी म्हणाली. खरेच आहे. हुज्जत मूळ अरबी, अर्थ दलील. मराठीत येता येता तो वितंडवाद झाला, एवढाच फरक.

मग ती अडली ती ‘नये’पाशी. हिंदीत ‘नये’ म्हणजे नवे. ‘हात अथवा डोके काढू नये’ या ओळीत नवे काय आहे, हे तिला कळेना. हिंदीच्या वाटेने मराठीकडे येणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा लागतो, म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे. मराठी पाटीवरचा ‘नये’ म्हणजे ‘करणे योग्य नाही’. एकवचनी ‘नये’, अनेकवचनी ‘नयेत’: ‘वाहन उभे करू नये’, ‘वाहने उभी करू नयेत’, ‘फुले तोडू नयेत’. या शब्दाची एक खुबी अशी की तो कोणाकडे बोट दाखवत नाही. ‘करू नकोस’ म्हटले की समोर ‘तू’ उभा राहतो, ‘करू नका’ म्हटले की ‘तुम्ही’. ‘करू नये’ म्हटले की कोणीच नाही आणि सगळेच आहेत. लहान-मोठा, ओळखीचा-परका, कोणाचाही अपमान न करता सगळ्यांना सांगायचे असेल तर मराठी माणूस ‘नये’ लिहितो. म्हणून सरकारी पाट्यांवर ‘नये’ अधिक, आणि दुकानदाराच्या हाताने लिहिलेल्या पुठ्ठ्यावर ‘नका’ अधिक.

‘नका’ मात्र भाभीला शिकवावाच लागला नाही. दखनी बोलणारा माणूस ‘मत जाओ’ म्हणत नाही, तो ‘नको जाओ’ म्हणतो. लखनौ-दिल्लीच्या उर्दूत हा शब्द नाही. तो दखनीने मराठीकडून घेतला आहे, आणि जुन्या दखनी लेखनातही तो आढळतो. हैदराबादेत, गुलबर्ग्यात, बीदरमध्ये ज्यांनी कधी मराठीचे पुस्तक हातात धरले नाही, त्यांच्याही तोंडी दिवसातून पन्नास वेळा हा मराठी शब्द असतो. “म्हणजे मला एक शब्द आधीपासून येत होता,” असे भाभीने हिशेब करून सांगितले. एक नव्हे, पुष्कळ येत होते. ते पुढे नळदुर्गात कळले.

नळदुर्ग : तटबंदी आणि मनाई

नळदुर्गचा किल्ला पाहायला पावसाळा हवा. बोरी नदी किल्ल्याजवळून वाहते आणि आदिलशाहीत तिच्यावर किल्ल्याच्या आतच बंधारा बांधला गेला. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. बंधारा भरून वाहू लागला की पाणी महालाच्या वरून खाली कोसळते आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहू शकतो. सांडव्यावरून पडणाऱ्या दोन धारांना लोक नर आणि मादी म्हणतात. पाणीमहालात फारसी शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गात कारभार पाहत होता; ठगांवर कादंबरी लिहिणारा तोच हा टेलर. पुढे जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गाहून हलले, पण किल्ल्याचा रुबाब तसाच राहिला.

किल्ल्यात शिरताना भाभीने विचारले, “तटबंदी म्हणजे तट बंद आहे का?” प्रश्न हसण्यासारखा नाही. ‘बंद’ आणि ‘बंदी’ हे फारसी शब्द मराठीत इतके पसरले आहेत की प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा घ्यावा लागतो. तटबंदी म्हणजे बांधून काढलेला तट. तिथे कोणाला अडवलेले नाही. नाकाबंदी म्हणजे नाक्यावर पोलीस उभे आहेत. गाडी तपासून सोडतात, रस्ता बंद नसतो. संचारबंदी म्हणजे घराबाहेर पडायचे नाही. जमावबंदी म्हणजे बाहेर पडता येते, पण ठरवलेल्या संख्येहून अधिक माणसांनी एकत्र जमायचे नाही. आणि याच जमावबंदीतला ‘व’ गळला की होते जमाबंदी, म्हणजे शेतसाऱ्याचा हिशेब! 2020 साली आपण टाळेबंदी आणि जिल्हाबंदी हे शब्दही शिकलो. दारूबंदी, नसबंदी, नोटाबंदी हे तर घरोघरी ठाऊक आहेत. सणावाराच्या तोंडावर जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघतात, तेव्हा त्यात नेमके काय बंद आहे हे समजणे घरातल्या प्रत्येक कमावत्या आणि शिकत्या माणसाला गरजेचे असते. संचारबंदी आणि जमावबंदी यांत गल्लत झाली तर एखादा विनाकारण दुकान उघडत नाही, आणि दुसरा विनाकारण अडचणीत सापडतो.

पाण्याच्या जवळ आलो तेव्हा मात्र गंमत संपली. नदी, तलाव, धबधबे यांच्या काठी आपल्याकडे ज्या पाट्या असतात त्यांवर साधारणपणे एकच वाक्य असते: ‘पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे.’ भाभीला मी ते वाक्य कागदावर लिहून दिले आणि अर्थ विचारला. तिने अडखळत वाचले. ‘मनाई’ तिला माहीत होते, पण वेगळ्याच अर्थाने. ‘हम ने ईद मनाई’ यातले मनाई! म्हणजे पाण्यात उतरून काहीतरी साजरे करतात, असा तिचा समज झाला. तिचा आठ वर्षांचा मुलगा त्या वेळी कठड्याला टेकून खाली कोसळणाऱ्या पाण्याकडे बघत होता. एका शब्दाची किंमत किती असते, ते त्या क्षणी आम्हां दोघींना सारखेच कळले.

मग बसून शब्द सोडवला. हे ‘मनाई’ ‘मनाना’ या क्रियापदातून आलेले नाही. ते अरबी ‘मना’पासून, म्हणजे रोखण्यापासून आले आहे. उर्दूतले ‘मना है’ आणि ‘मुमानियत’ याच मुळातले. उमऱ्याला किंवा नोकरीसाठी आखाती देशांत गेलेल्यांनी तिथल्या पाट्यांवर ‘मम्नूअ’ हा शब्द पाहिला असेल: ‘मम्नूअ अत्तदखीन’ म्हणजे धूम्रपानास मनाई, ‘मम्नूअ अद्दुखूल’ म्हणजे प्रवेशास मनाई. जिद्दाच्या विमानतळावरचा शब्द आणि नळदुर्गच्या काठावरचा शब्द सख्खे भाऊ आहेत. ‘सक्त’ तर सरळ फारसी ‘सख्त’. म्हणजे ‘सक्त मनाई’ या मराठी शब्दजोडीत मुळात मराठी एकही अक्षर नाही, आणि तरीही ती इतकी मराठी आहे की गावातला कोणीही तिला परकी म्हणणार नाही.

पाट्यांवरचे बाकीचे शब्द याच नजरेने पाहा. परवानगी, हुकूम, ताकीद, इशारा, खबरदार, हद्द, मालमत्ता, कायदेशीर, कारवाई, जाहिरात, रस्ता. यांतला प्रत्येक शब्द फारसी-अरबीच्या वाटेने दख्खनच्या कारभारात आला आणि इथलाच झाला. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, तो कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्यातले काही पर्याय रुजले, आणि तरीही सक्त मनाई भिंतीवर राहिलीच. आता हिशेब मांडा: दखनीने ‘नको’ मराठीकडून घेतला आणि मराठीने ‘मनाई’ फारसी-अरबीकडून घेतली. शेजाऱ्यांनी आपापला नकार एकमेकांच्या घरात ठेवायला दिला आहे. मराठी शिकताना बिचकणाऱ्या आपल्या घरांना ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी. दार वाटते तितके बंद नाही.

धाराशिव : शिक्षा आणि गुन्हा

नळदुर्गहून तुळजापूरमार्गे धाराशिव गाठले. शहरात हजरत ख्वाजा शमशोद्दीन गाझी यांचा दर्गा आहे. त्यांच्या उरुसाला सगळ्या समाजाचे लोक येतात. दर्ग्यात पादत्राणे काढून आत जाताना पाटी वाचायची गरज पडत नाही. पुढचा माणूस काय करतो ते पाहिले की कळते. पाटीची खरी गरज कचेरीत, दवाखान्यात, स्थानकावर, जिथे पुढचा माणूसही नवखाच असतो.

शहरातल्या पाट्यांनी आणखी दोन शब्द दिले. पहिला ‘शिक्षा’. ‘येथे थुंकणारा शिक्षेस पात्र राहील.’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि पात्र म्हणजे भांडे किंवा लायक माणूस. थुंकणाऱ्याला शिक्षण मिळणार, असा अर्थ भाभीने लावला, तेव्हा तिची तिसरीतली मुलगी खो खो हसली. मुलगी उर्दू शाळेत आहे, पण महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे, त्यामुळे मराठीत तीच आईची उस्ताद. मराठीत शिक्षा म्हणजे सजा. शाळेत मिळते ते शिक्षण. दोन शब्दांत एका ‘ण’चे अंतर, आणि दोन भाषांत जमीन-अस्मानाचे.

दुसरा शब्द ‘गुन्हा’. उर्दूत गुनाह म्हणजे पाप, ज्याचा हिशेब अल्लाहपुढे द्यायचा. कायद्याच्या अपराधाला उर्दूत जुर्म म्हणतात. मराठीने गुन्हा हा शब्द घेतला तो थेट पोलीस ठाण्यात नेऊन बसवला. ‘येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे’ ही पाटी सार्वजनिक ठिकाणी लावणे कायद्याने बंधनकारक आहे. 2003 च्या कायद्याखाली 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम देशभर लागू झाले आणि दंड 200 रुपयांपर्यंत आहे. भाभीने ती पाटी वाचली आणि म्हणाली, इतक्या ठिकाणी गुनाह लिहून ठेवले आहेत, तरी लोक करतात! तिने शब्दाचा अर्थ चुकवला होता की बरोबर लावला होता, हे ठरवणे मला कठीण गेले. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे ही आपल्याकडे ईमानाचीच एक शाखा सांगितली आहे. मग वाटेवर घाण करणे कोणत्या खात्यात जाईल?

तिसरा धडा वाक्यरचनेचा. मराठी पाटीत नकार सर्वांत शेवटी येतो. ‘येथे कचरा टाकू नये’ यातला शेवटचा शब्द पुसला गेला, त्यावर जाहिरात चिकटली किंवा समोर कोणाच्या वाढदिवसाचा फलक उभा राहिला, की उरते ‘येथे कचरा टाकू’. आणि खरेच, खाली कचरा पडलेला असतो. शिकणाऱ्याने म्हणूनच मराठी पाटी शेवटापासून वाचावी. शेवटी ‘नये’, ‘नका’, ‘नाही’, ‘मनाई’, ‘बंदी’ यांपैकी काही आहे का ते आधी पाहावे, मग मागे येऊन काय करायचे नाही ते शोधावे. आणि मधेच ‘-ल्यास’ दिसला, ‘प्रवेश केल्यास’, ‘आढळल्यास’, तर पुढे दंड किंवा कारवाई येणार हे नक्की समजावे.

संस्कृतातून आलेले शब्द कायद्याच्या पाट्यांवर भेटतात: निषिद्ध, प्रतिबंधित, वर्ज्य. ते दिसायला भारदस्त असतात आणि घाबरवतात. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांजवळ ‘प्रतिबंधित क्षेत्र’ असे लिहिलेले असते. तिथे जाण्यास बंदी आहे असे वाटून नवखा माणूस मागे फिरतो. तिथे प्रतिबंध आहे तो बांधकामाला: स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या 200 मीटरच्या विनियमित क्षेत्रात परवानगी घ्यावी लागते. पाहायला जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. ज्याला तेवढे मराठी येत नाही, तो आपल्याच जिल्ह्याचा वारसा बाहेरून पाहून परत जातो.

इथे एक प्रश्न साहजिक येतो: पाट्या उर्दूतही का असू नयेत? अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या नामफलकावर मराठीखाली उर्दूत नाव होते, त्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने निकाल दिला की मराठीसोबत उर्दू लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही. निकाल आनंदाचा आहे. पण त्यावर विसंबून मराठी शिकणे लांबवणे शहाणपणाचे नाही. नामफलक दोन भाषांत होईल. धबधब्याच्या काठावरची आणि विजेच्या खांबावरची ओळ उद्याही मराठीतच असणार आहे.

तेर : इटलीपर्यंतची वाट

धाराशिवपासून जवळच तेरणा नदीच्या काठी तेर आहे. आज ते मोठे खेडेगाव दिसते, पण दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ या नावाने ते समुद्रापलीकडे ठाऊक होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणसोबत तगरचे नाव येते. इथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून रोमन जगात. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंमधून उभे राहिलेले शासकीय संग्रहालय तेरमध्ये आहे. त्यातली एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती जाणकारांना फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्याशी जुळणारी मूर्ती 1938 साली इटलीत, पॉम्पेईच्या उत्खननात सापडली. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती.

त्याच पॉम्पेईत एका घराच्या उंबरठ्यावर रंगीत खड्यांनी साखळीला बांधलेला कुत्रा काढला आहे आणि खाली लॅटिनमध्ये लिहिले आहे: ‘कावे कानेम’, कुत्र्यापासून सावध राहा. धाराशिवच्या कोणत्याही वसाहतीतल्या लोखंडी फाटकावर हेच वाक्य मराठीत आहे. पॉम्पेईच्या भिंतींवर ‘इथे घाण करू नका, नाहीतर बरे होणार नाही’ अशा अर्थाचे इशारेही सापडले आहेत. ते वाचून आपल्या बसस्थानकामागची भिंत आठवल्याशिवाय राहत नाही. माणसाची प्रगती झाली, भिंतीचा त्रास तोच राहिला.

माझा भाचा शिकायला उत्तर इटलीत आहे. तोही सध्या पाट्यांवरूनच भाषा शिकतो आहे आणि फोनवर त्यांची छायाचित्रे पाठवतो. तेरच्या वाटेवर आम्ही ती भाभीला दाखवली. तिथला पहिला शब्द ‘व्हिएतातो’, म्हणजे मनाई. ‘व्हिएतातो फुमारे’ म्हणजे धूम्रपानास मनाई. वर्तमानपत्रांत आपण वाचतो तो ‘व्हेटो’ याच लॅटिन मुळातला. मनाई सक्त असेल तर ‘सेव्हेरामेन्ते व्हिएतातो’. भाभी लगेच म्हणाली, “सक्त मनाई!” इटालियन पाटीत नकार पहिल्याच शब्दात येतो, अरबी ‘मम्नूअ’सारखा, मराठीसारखा शेवटपर्यंत थांबत नाही. ‘नोन तोक्कारे’, हात लावू नये, यात नकारापुढे क्रियापदाचे मूळ रूप येते, तूही नाही आणि तुम्हीही नाही. आपल्या ‘नये’सारखीच ही सोय. ‘सी प्रेगा दी नोन’ने सुरू होणारी पाटी म्हणजे आपले ‘कृपया… नये’. काही दुकानांच्या दारावर कुत्र्याचे चित्र असते आणि तो कुत्राच सांगतो की मला इथे आत येता येत नाही. ही पाटी भाभीच्या मुलाला फार आवडली.

भाच्याचा सगळ्यात उपयोगी धडा मात्र वेगळाच होता. इटलीतल्या जुन्या शहरांत मध्यभागी ‘झोना आ त्राफ्फिको लिमितातो’ अशी पाटी असते. अर्थ एवढाच की मर्यादित वाहतुकीचा भाग. त्यात व्हिएतातो नाही. परका चालक निर्धास्त आत जातो, कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि काही आठवड्यांनी दंडाची नोटीस घरी येते. सगळ्यात महाग मनाई ती, जिच्यात नकाराचा शब्दच नसतो. आपल्याकडेही अशा पाट्या आहेत. ‘खाजगी मालमत्ता.’ ‘राखीव.’ ‘शांतता क्षेत्र.’ ‘फक्त महिलांसाठी.’ ‘कर्मचाऱ्यांसाठी.’ यांत ‘नये’ कुठेच नाही, तरी प्रत्येक पाटी काहीतरी नाही म्हणते. ज्याला शब्दांचे अर्थ येतात पण भाषा येत नाही, तो इथे चुकतो.

चित्रांचा मात्र आधार सगळीकडे सारखा आहे. रस्त्यावरच्या खुणांबाबत 1968 साली व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय करार झाला. लाल कडेचा गोल म्हणजे मनाई, लाल कडेचा त्रिकोण म्हणजे इशारा. निळा गोल म्हणजे अमुक करायलाच हवे. तुळजापूरच्या रस्त्यावरचा लाल गोल आणि मिलानमधला लाल गोल एकच गोष्ट सांगतात. अक्षर येत नसले तरी मुलांना आधी हे तीन आकार शिकवता येतात.

घरी करण्यासारखे

परतल्यावर आम्ही घरात जे सुरू केले, ते कोणत्याही कुटुंबाला जमण्यासारखे आहे. रोज बाहेरून येताना प्रत्येकाने एक पाटी लक्षात ठेवायची आणि रात्री जेवताना सांगायची. ज्या शब्दाचा उर्दू किंवा दखनी भाऊ सापडेल तो एका वहीत एका बाजूला, आणि जो फसवतो तो दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूला आज हुकूम, हद्द, परवानगी, इशारा, ताकीद, मालमत्ता असे पुष्कळ शब्द आहेत. दुसऱ्या बाजूला चारच: नये, मनाई, शिक्षा, गुन्हा. फसवणारे थोडे आणि ओळखीचे अधिक, हे वही उघडली की डोळ्यांना दिसते. आईने मुलांकडून शिकण्यात कमीपणा नाही, हेही त्या वहीने दोघांना शिकवले.

आमच्याकडे सोयाबीन आहे. फवारणीची औषधे मागच्या खोलीत असतात. त्यांच्या डब्यांवर एक चौकोनी खूण असते, तिचा खालचा अर्धा भाग रंगीत: लाल म्हणजे अतिशय जहरी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा पुष्कळांचा समज असतो. हिरव्यावरही सावधानतेचा इशारा लिहिलेला असतो. हे रंग भाभीने मुलांकडून पाठ करून घेतले. मग तिने पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि तिच्या आयुष्यातले पहिले मराठी वाक्य लिहिले: ‘मुलांनी हात लावू नये.’ खाली तेच उर्दूत. मुलीने वाक्य तपासले, चूक नव्हती. पुठ्ठा औषधांच्या फळीवर खिळ्याने ठोकला आहे.